धक्क्यावरून गावात

(दृश्य : सकाळ. जहाजाचं थिएटर. छातीवर आकड्यांचे स्टिकर लावून बसलेली माणसं.)

सकाळी साडेसातला क्रूझ जहाजाचं थिएटर हाउसफुल्ल आहे, पण रंगमंचावर कुणीच नाही. प्रत्येकाच्या छातीवर एक गोल स्टिकर, स्टिकरवर आकडा. सतरा नंबर पुकारला की सतरावाले उठतात, उंच धरलेल्या फलकामागून रांगेत गॅंगवे, म्हणजे जहाजातून उतरायचा जिना, उतरतात आणि खाली लागलेल्या सतरा नंबरच्या बसमध्ये चढतात. ही जहाज कंपनीने विकलेली एक्सकर्शन, म्हणजे सहल. बस कुठे थांबणार, फोटो कुठे काढायचे, जेवायचं कधी, सगळं आधीच ठरलेलं.

आणि हे दुसरे. गॅंगवे तोच, वेळही तीच, फक्त छातीवर स्टिकर नाही. केबिनचं कार्ड मशीनला लावलं, ‘टिंग’ वाजलं, की हे बाहेर. यांनी सहल घेतलेली नाही; हे आपापले, साध्या बस-रेल्वेने गावात जाणार. आता कॅमेरा यांच्यामागून जाणार आहे.

(दृश्य : चिवितावेक्किया बंदर, उंचावरून. गोल बुरुजांचा किल्ला.)

हे इटलीतलं चिवितावेक्किया. क्रूझच्या वेळापत्रकात या थांब्यासमोर ‘रोम’ लिहिलेलं असतं. रोम इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे. यात जहाजवाल्यांची लबाडी नाही. रोमचं हे दुखणं फार जुनं आहे. टायबर नदी गाळ आणते आणि तिच्या मुखाशी असलेलं ऑस्टियाचं बंदर त्या गाळाने भरत राहायचं. म्हणून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट त्राजानने इथे, उघड्या किनाऱ्यावर, नवं बंदर बांधायला घेतलं. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने ते काम चालू असताना पाहिलं आणि एका पत्रात लिहून ठेवलं. बंदराच्या तोंडाशी बेट उभं करायचं होतं. रुंद होड्यांतून प्रचंड शिळा यायच्या, एकीवर एक समुद्रात टाकल्या जायच्या आणि आपल्याच वजनाने जागच्या जागी बसायच्या. लाटा आवरणारे आजचे लांबच लांब बांध बघताना ते पत्र आठवतं.

हा किल्ला मात्र पोपांच्या काळातला, सोळाव्या शतकाचा. नाव फोर्ते मिकेलांजेलो. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांना धाक बसावा म्हणून बांधलेला. आज त्याच्या सावलीत पर्यटक नकाशा उलटासुलटा करून बघतात. १८५९ साली रोमपासून इथपर्यंत रेल्वे आली आणि रोमचं अंतर रुळांवरून कापता येऊ लागलं. आपलं काम आजही रेल्वेच करणार आहे.

आता नीट बघा. जहाजातून उतरल्या उतरल्या समोर जी बस उभी असते, ती बंदराची. फुकट. ती बंदराच्या आतून लार्गो देल्ला पाचे या चौकात आणून सोडते. इथे तिकिटाच्या खिडक्या आहेत, स्टेशनकडे जाणारी बस आहे, आणि ‘रोम, रोम’ करत अंगावर येणारे टॅक्सीवालेही आहेत. त्यांच्यातला एखादा सांगेल की आज गाड्या बंद आहेत. मान हलवायची आणि पुढे चालू लागायचं. पायी गेलात तर समुद्राच्या कडेकडेने, किल्ल्यावरून, पंधरा-वीस मिनिटांत स्टेशन. रस्ता सपाट आहे. आमचं मत विचाराल तर चालाच. निदान हे गाव तरी बघून होईल. एरवी रोमच्या नादात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

(दृश्य : स्टेशन. तिकिटाचा क्लोज-अप.)

हे तिकीट. याला ‘बिर्ग’ म्हणतात. दिवसभराचा प्रादेशिक पास. याच्यावर चिवितावेक्कियाहून रोमला जाणारी प्रादेशिक गाडी चालते, रोममधली मेट्रो चालते, बस चालते आणि संध्याकाळी परतीची गाडीही चालते. त्यावर आपलं नाव आणि तारीख घालायची. मग फलाटाकडे जाताना भिंतीवर ही छोटी पेटी दिसते, तिच्या फटीत तिकीट सरकवायचं. खर्रर्र आवाज होतो आणि कडेला तारीख-वेळ उमटते. शाई पुसट असेल तर पुन्हा सरकवून बघा. कागदी तिकिटावर हा शिक्का नसेल, तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. परदेशी माणूस दिसला म्हणून तपासनीस विरघळतो, असं मुळीच नाही.

गाडीत बसलात की उजव्या बाजूला समुद्र. पाऊण तासात सान पिएत्रो स्टेशन. बरेच जण टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत जातात, कारण ते नाव ऐकलेलं असतं. व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रोलाच उतरा. स्टेशनाबाहेर आलं की सेंट पीटर्स चर्चचा घुमट दिसतोच, दहा-पंधरा मिनिटं चालायचं. सतरा नंबरची बस या वेळी बहुधा महामार्गावर असेल.

आणखी एक. जहाजाच्या यादीत ‘रोम तुमच्या मर्जीने’ अशा थाटाचीही एक सहल असते. तिच्यात गाईड नसतो, प्रवेशिका नसतात, जेवणही नसतं. नुसती बस. सकाळी रोममध्ये सोडते, दुपारी उचलते. आपण आत्ता एका तिकिटावर जे केलं, तेच. फक्त पैसे कित्येक पट.

(दृश्य : क्रेन. कंटेनरच्या रंगीत भिंती.)

मुळात जहाज गावापासून इतकं लांब का लागतं? थोडं मागे जाऊ. पूर्वी धक्का गावाच्या पोटातच असायचा. गोण्या, पिंपं, पेट्या हमालांच्या पाठीवरून उतरायच्या आणि समोरच्याच वखारीत जायच्या. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ट्रकच्या आकाराचे पत्र्याचे डबे, म्हणजे कंटेनर, चढवले, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बंदरांची मांडणीच बदलली. डब्यांना अवाढव्य क्रेन लागतात, डबे रचायला मोकळी मैदानं लागतात, मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं. गावाच्या पोटात यातलं काहीच नव्हतं. बंदरं बाहेर सरकली. क्रूझ जहाजंही तरंगत्या इमारतींएवढी झाली आणि त्याच खोल पाण्याकडे गेली.

म्हणून इटलीतलं लिव्होर्नो बघा, बेल्जियममधलं झीब्रुगे बघा. गॅंगवेसमोर क्रेन, ट्रक, डब्यांच्या गल्ल्या. या भागात पायी फिरायला बंदी आहे, आणि ती रास्तच आहे. चाळीस टनांच्या ट्रकवाल्याला खाली चालणारा माणूस दिसत नाही. बंदराच्या बसने आधी फाटकाबाहेर यायचं. लिव्होर्नोत ती गावच्या मधोमध सोडते. तिथून गावच्या बसने स्टेशन, आणि पिसाला गाडीने वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत. झीब्रुगेहून ब्लांकेनबर्ग गाठलं की ब्रूज शहराची गाडी. दोन्हीकडे गणित एकच: धक्का ते फाटक बंदराच्या बसने, फाटक ते स्टेशन गावच्या बसने वा ट्रामने, तिथून पुढे रेल्वे.

(दृश्य : बार्सिलोना. निळी बस पुलावरून येताना.)

बार्सिलोनात हे सगळं एका निळ्या बसमध्ये आटोपतं. मोल अदोस्सात हा लांबलचक धक्का, आणि त्यावरून कोलंबसच्या स्तंभापर्यंत येणारी पोर्टबस. पुलावरून चालतही येता येतं, पण अर्धा-पाऊण तास डांबरावर, डोक्यावर छप्पर नाही. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. स्तंभ १८८८ चा, साठ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी उतरलं की समोर रांब्ला हा गावातला मोठा रस्ता आणि डावीकडे द्रासानेस मेट्रो स्टेशन. संपलं.

(दृश्य : सॅंतोरिनी. समुद्रातून वर चढत जाणारा कडा, टोकाला पांढरी घरं.)

ग्रीसच्या या बेटावर क्रूझ जहाजांसाठी धक्काच नाही. ज्वालामुखीचं तोंड खचून समुद्र आत शिरलेला, त्यामुळे पाणी इतकं खोल की मोठी जहाजं मध्येच थांबतात आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेली जातात. या बोटींना टेंडर म्हणतात. सहल घेतलेल्यांच्या बोटी बहुतेक वेळा आधी सुटतात. आपल्याला टोकन घ्यावं लागतं आणि नंबर यायची वाट बघावी लागते. म्हणून टोकन न्याहारीच्या आधी घ्या, नंतर नाही.

बोट फिरा या मुख्य गावाखालच्या जुन्या बंदरात सोडते. गाव वर, दोनशे मीटरहून जास्त उंचीवर. वर जायचे मार्ग तीन. केबल कार, जी १९८०च्या दशकापासून चालते आहे. दगडी पायऱ्या, पाचशे अठ्ठ्याऐंशी. आणि त्याच पायऱ्यांवरून चढणारी गाढवं आणि खेचरं.

हे दृश्य आम्ही न कापता मुद्दाम ठेवलं आहे. दुपारचं ऊन, पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, त्यावर लीद. चालणारा माणूस भिंतीला चिकटून उभा राहतो, कारण वळणावरून सहा-सात जनावरं एकदम उतरत येतात आणि त्यांना कुणी धरलेलं नसतं. ग्रीक सरकारने २०१८ साली ओझ्याची मर्यादा घातली: शंभर किलो, किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा भाग. ही चौकट थोडी लांबवून ठेवलीय. बघून घ्या, मग कशावर बसायचं ते ठरवा.

सकाळी केबल कार लवकर मिळते. गोची होते ती उतरताना. तीन-चार जहाजांची माणसं एकाच वेळी वरच्या टोकाला जमतात आणि रांग गल्लीतून वळून दुकानांसमोरून मागे जाते. पाय धड असतील तर उतरायला पायऱ्या. बूट मात्र पकड असलेले हवेत. मधल्या वेळात बेटावरच्या ओइया गावाला जायचं असेल तर फिराच्या बस स्थानकावरून साधी बस आहे. गर्दी होते, उभं राहावं लागतं, आणि खिडकीतून दिसणारा कडा सहलीच्या बसमधून दिसतो तोच असतो.

(दृश्य : व्हेनिस, दुब्रोव्निक. माणसांनी फुललेल्या गल्ल्या.)

गावांना हा लोंढा झेपेनासा झालाय. व्हेनिसने २०२१ साली मोठी जहाजं जुदेक्का कालव्याबाहेर काढली, क्रोएशियातल्या दुब्रोव्निकने एका वेळच्या जहाजांची संख्या बांधून घेतली, बार्सिलोनाने क्रूझ टर्मिनल कमी करायचं ठरवलंय.

(दृश्य : मनगटावरचं घड्याळ. गॅंगवेशेजारचा वेळेचा फलक.)

हा फलक उतरताना प्रत्येकाने वाचायचा. यावरची वेळ जहाज सुटायची नसते, सगळ्यांनी परत चढायची असते; साधारणपणे सुटायच्या अर्धा तास आधीची. आणि ती जहाजाच्या घड्याळाची. बंदरातलं घड्याळ कधी कधी तासाभराने वेगळं असतं आणि खिशातला फोन गावाची वेळ धरून बसतो. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. परतीची जी गाडी तुम्हाला वेळेत पोचवेल, तिच्या आधीची पकडा. इटलीत रेल्वेचा संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, पण क्रूझवाल्याची संध्याकाळ सहाच्या आत संपलेली असते. संपाची तारीख आधी जाहीर होते. निघण्यापूर्वी तेवढी बघाच.

जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा माणसांची पुढची सोय करतं. आपल्यासाठी थांबत नाही. २०२४च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर खासगी सहलीहून उशिरा परतलेले आठ प्रवासी असेच मागे राहिले आणि जहाज गाठण्यासाठी त्यांना देशोदेशी धावपळ करावी लागली. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

(दृश्य : वार्नेम्युंड. जहाजाच्या शेजारी उभी रेल्वेगाडी.)

आणि हे जर्मनीतलं वार्नेम्युंड. वेळापत्रकात ‘बर्लिन’. बर्लिन इथून जायला तीन तास, यायला तीन तास. जहाजावर सर्वात जास्त खपणाऱ्या आणि सर्वात महाग सहलींपैकी ही एक. बर्लिनला जायचंच असेल तर ती सहल घ्या. एवढ्या अंतरावर एक गाडी चुकली की दिवस गेला. तिथे आम्ही तुम्हाला भरीस घालणार नाही.

पण हे स्टेशन बघा. गॅंगवेपासून चालत काही मिनिटांवर. इथून एस-बान, म्हणजे लोकल गाडी, सुटते आणि वीस-बावीस मिनिटांत रोस्टॉकला पोचते. रोस्टॉकच्या मारियनकिर्शे चर्चमध्ये १४७२ सालचं खगोलीय घड्याळ आहे, आणि त्यातली मूळ यंत्रणाच अजून चालते. रोज हाताने चावी द्यावी लागते. खालच्या चकतीवर वार, तारखा; मधल्या तबकडीवर चंद्राच्या कला. वर बारा वाजता दार उघडतं आणि प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, एकामागून एक येशूसमोरून जातात. शेवटी येशूचा घात करणारा यहूदा येतो आणि त्याच्या तोंडावर दार बंद होतं.

हे बघायला साडेअकराला आत जाऊन बसा, पुढच्या बाकांवर जागा मिळते. परतीची एस-बान दिवसा सारखी असते. वार्नेम्युंडला उतरून जुन्या कालव्यावरच्या मासेमारीच्या होड्या, दीपगृह आणि पांढऱ्या वाळूचा किनारा, सगळं पायी होतं. बर्लिनच्या बस परत यायला तेव्हाही तीन-चार तास असतात.