डेथ व्हॅलीतल्या खाणी बाहेरूनच बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत गोल्डन कॅनियनचे चार शॉट दाखवले आणि खाली एकच प्रश्न धो धो आला: "तो डोंगरातला बोगदा आतून का नाही दाखवला?" काहींनी तर "घाबरलात का?" असंही विचारलंय. हो, घाबरलो. का ते सांगतो.

आधी रस्ता पटकन उरकतो. (स्क्रीनवर नकाशा) कॅलिफोर्नियातलं डेथ व्हॅली नॅशनल पार्क. गोल्डन कॅनियनमधून वर चढायचं, मॅन्ली बीकन नावाच्या सुळक्याच्या पायथ्यालगत धार ओलांडायची, गावर गल्चच्या घळीतून खाली यायचं आणि डोंगराच्या कडेकडेने परत गाडीपाशी. सगळा फेरा साधारण सात किलोमीटरचा. जायचं थंडीच्या महिन्यांत. उन्हाळ्यात सकाळी १० नंतर खालच्या भागात चालू नका, असं पार्कवालेच सांगतात. माणशी चार लिटर पाणी घ्या. फोनला रेंज धरू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. एवढंच.

"आम्ही हरिहर चढलोय, हे काय घेऊन बसलात," असं एका दादांनी लिहिलंय. दादा, चढाला इथं कोण घाबरतंय! सह्याद्रीत टी-शर्ट पिळला की पाणी निघतं, म्हणून घाम जातोय हे कळतं. इथं तो निघता निघताच वाळतो. अंग कोरडं असतं आणि आतून माणूस रिकामा होत असतो. याच खोऱ्यात फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तोच अजून जागतिक विक्रम आहे. पावसाचंही तसंच. वर्षाला जेमतेम दोन इंच पडतो, पण २० ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात २.२ इंच कोसळला. अशा वेळी घळीत असाल तर पळायला जागा नसते. आभाळ भरून आलं की घळीत उतरायचंच नाही.

आता बोगदे. हे खोरं बोरॅक्सचं, म्हणजे साबणात-काचेत वापरतात त्या टाकणखाराचं. १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी बोरॅक्स वर्क्समधून माल निघायचा आणि खेचरांच्या लांबलचक गाड्या तो १६५ मैलांवर मोहावे गावच्या रेल्वेपर्यंत ओढून न्यायच्या. गावर गल्चच्या भिंतींत जी काळी तोंडं दिसतात, ती अशाच बोरॅक्सच्या शोधात खणलेली. दुपारी तुम्ही तापून निघालेले असता, समोर ते तोंड असतं आणि आतून गार झुळूक येते. लोक साहसासाठी कमी आणि सावलीसाठी जास्त शिरतात, असं माझं मत आहे. मी स्वतः पाहिलंय, एक कुटुंब अशाच तोंडात डबा उघडून बसलं होतं आणि पोरं आत पळत होती. मी हटकलं तर वडील म्हणाले, "टॉर्च आहे ना!"

टॉर्चने हवा दिसते का हो? बंद बोगद्यात ऑक्सिजन कमी झालेला असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखंही वाटेलच असं नाही. डोकं जड होतं, पाय मऊ पडतात आणि माणूस बसतो. त्याला काढायला दुसरा आत जातो आणि तोही बसतो.

यावर एक कमेंट सारखी येते: "लायटर पेटवून बघायचा, विझला तर बाहेर यायचं." कृपा करून हे पसरवू नका. ज्योत जळतेय म्हणजे हवा चांगली, असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडने तर ज्योत विझतच नाही. आणि जुन्या खाणीत कधीकधी डायनामाइट पडून असतं, त्यातून नायट्रोग्लिसरीन पाझरतं, ते नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. तिथं तुम्ही हातात आग घेऊन उभे!

बरं, हवा चांगली आहे असं धरू. जमिनीचं काय? खाणीत बोगद्याच्या आतच खाली जाणारी उभी विहीर खणलेली असते. काम थांबलं की तिच्यावर फळ्या टाकून द्यायचे. शंभरेक वर्षांनी त्या फळ्यांवर धूळ बसते आणि ती जागा सरळ जमिनीसारखी दिसते. टॉर्च मारलात तरी जमीनच दिसणार.

आणि छत? गावर गल्चचा खडक म्हणजे जुन्या तलावाचा वाळलेला गाळ. चालताना पायाखाली त्याचा घसारा होतो, आणि तोच डोक्यावर. जरा धक्का लागला तरी माती गळू शकते.

म्हणून माझा नियम: तोंडापाशीही जायचं नाही, फोटो लांबून. वर धारेवर उभी विवरं असतात, त्यांचा काठ आतून पोखरलेला असतो, तिथं वाकून बघायचं नाही. तारेची जाळी किंवा लोखंडी गज दिसले तर ते वाकवून आत जाऊ नका. काही गज वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून मुद्दाम तसे लावलेत. ज्यांना खाणच बघायचीय त्यांनी याच पार्कातल्या कीन वंडरला जा, तीही बाहेरूनच बघा. ती जुनी सोन्याची खाण असुरक्षित म्हणून २००८ ला पर्यटकांसाठी बंद केली आणि डागडुजी करून २०१७ ला परत उघडली. जुन्या रोपवेचे लाकडी मनोरे मस्त दिसतात. गंजका डबा किंवा खिळा मात्र खिशात टाकू नका, कायद्याने गुन्हा आहे.

जाता जाता, गावर गल्चच्या शेवटी घळ एकदम तुटते आणि समोर साधारण तीस फुटांचा कोरडा धबधबा लागतो. तिथून खाली उतरायचा प्रयत्न करू नका. त्याच्या आधीच उजव्या हाताला कड्याला चिकटून पायवाट निघते, तीच गाडीकडे जाते. आणि ड्रोनबद्दल विचारणाऱ्यांनो, नॅशनल पार्कात ड्रोन उडवायला बंदी आहे, म्हणून वरून घेतलेले शॉट माझ्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत.