रत्नागिरीचा थिबा राजा आणि इगतपुरीचं ध्यान

नमस्कार मंडळी!

रत्नागिरीला गेलात की थिबा पॅलेस बघून येता. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्रही माहीत असेल, घरातलं कुणीतरी तिथे दहा दिवस मौनात बसून आलेलं असतंच. या दोन जागांचं एकमेकींशी नातं आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं. आज तेच सांगतो.

1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैद झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. तिकडे ब्रह्मदेशात भिक्षूसंघाला सांभाळणारा राजाच उरला नाही. आता धम्म टिकायचा कसा, ही धास्ती लोकांच्या मनात बसली.

तोवर संसारी माणूस दान द्यायचा, शील पाळायचा. ध्यान हे मोजक्या भिक्षूंचं काम. लेडी सयाडो नावाच्या विद्वान भिक्षूंनी ही चौकट मोडली. साध्या बर्मी भाषेत पुस्तकं लिहिली, गावोगाव फिरले, आणि शेतकऱ्यालाही ध्यान जमतं असं सांगितलं. नुसतं सांगून थांबले नाहीत. त्यांच्याकडे शिकलेले सया थेटजी खरोखरच शेतकरी होते, आणि ते पुढे स्वतः शिकवू लागले.

थेटजींचे शिष्य सयाजी ऊ बा खिन. हे तर सरकारी हिशेबनीस! 1948 साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते देशाचे अकाउंटंट जनरल झाले. आपल्या ऑफिसातल्या माणसांनाही ते ध्यान शिकवायचे. फायली, हिशेब आणि ध्यान, सगळं एकाच माणसाच्या दिवसात. मला या साखळीतला हा दुवा सगळ्यात आवडतो.

त्यांच्याकडे 1955 मध्ये एक मारवाडी व्यापारी आला. मंडालेतच जन्मलेले सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीनं इतके बेजार, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची. ऊ बा खिन यांनी त्यांना सुरुवातीला घेतलंच नाही. नुसती डोकेदुखी घालवायला यायचं असेल तर ही विद्या त्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

1969 मध्ये गोएंका भारतात आले. पहिलं शिबिर मुंबईत झालं, त्यात त्यांचे आई-वडीलही बसले होते. 1976 पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली.

तिथे करतात काय? पहाटे चारला घंटा होते. पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुडीशी श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघायचं. मंत्र नाही, मूर्ती नाही. मन पळतं, त्याला परत श्वासावर आणायचं. चौथ्या दिवशी विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायचं. कुठे खाज, कुठे कळ, कुठे मुंग्या. हलायचं नाही, चिडायचं नाही, बघत राहायचं.

धम्मगिरीच्या पॅगोडात एकेका साधकासाठी छोट्या खोल्या आहेत. त्यांना शून्यागार, म्हणजे रिकामी खोली, म्हणतात. हा शब्द जुना आहे. सतिपट्ठान सुत्त या ध्यानावरच्या उपदेशात बुद्ध भिक्षूला सांगतात, रानात जा, झाडाखाली जा, नाहीतर शून्यागारात जाऊन बस. आता कधीतरी बोरिवलीच्या कान्हेरीला जा, तिथल्या एखाद्या विहारातल्या खोलीत शिरा. अंधार, थंडगार कातळ, कोरलेला दगडी ओटा. त्यावर जरा वेळ टेका. दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला घेतलेली ही शून्यागारंच आहेत.