खोलीचा भाव आणि केळीचा भाव

(सावद्याच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे ‘मालदीवच्या रिसॉर्टचा जमाखर्च आणि आपले तोरणमाळ’. सातपुड्यातल्या थंड हवेच्या तोरणमाळला तुम्हाला नेणार आहे, पण वाट केळीच्या बागेतून जाते. समोर निम्मे केळीवाले बसलेत आणि उरलेले निम्मे त्यांचे व्याही-सोयरे, तेव्हा कोणाची हरकत नसावी.

मी अकरा वर्षे त्या बेटांवर हिशेब लिहिला. पहिल्याच दिवशी तिथल्या वरिष्ठांनी समोर बसवून सांगितले, खोली हा नाशवंत माल आहे. आज रात्री बारा वाजेपर्यंत विकली नाही तर आजची खोली कायमची गेली, उद्याची खोली हा वेगळा माल. मी मान हलवली. हा धडा मी पाचवीत असताना आमच्या मळ्यात शिकलो होतो.

नानांची नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळी, कापणीला आली होती. तेव्हा माल रेल्वेने दिल्लीला जायचा, आणि नेमक्या त्या आठवड्यात वॅगन लागेनात. थोडे घड आधीच कापून झालेले. ते बांधावर निंबाच्या सावलीत ठेवले, वरून केळीची पाने झाकली, पाणी शिंपडले. मे महिना, भुसावळला पारा पंचेचाळिसाच्या वर. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पान उचलले तर घडाच्या वरच्या फण्यांना पिवळी झाक. पिवळा पडलेला माल दिल्लीच्या वाटेला लावता येत नाही, हे इथे कोणाला सांगायला नको.

त्याच दिवशी दुपारी एक व्यापारी आला. म्हणाला, नाना, निम्म्या भावात सगळा बाग देऊन टाका, झाडावरचाही. आई म्हणाली, द्या, काहीतरी हाती येईल. नानांनी बांधावरचा कापलेला माल तेवढा दिला आणि झाडावरच्या घडाला हात लावू दिला नाही. तो गेल्यावर नाना मला म्हणाले, “पोरा, कापलेला माल सडणार होता, तो कितीलाही गेला तरी फायदाच. पण झाडावरचा त्या भावाने दिला असता तर उद्या बाजाराच्या फळ्यावर तोच भाव लागला असता, आपल्यालाही आणि शेजारच्यालाही.” शेजारच्या दोघांनी सगळा बाग दिला. पुढचा आठवडाभर कोणी त्या भावाच्या वर बोलायला तयार नव्हते. नानांनी नऊ दिवस वाट पाहिली. भाव पूर्ण सावरला नाही, पण निम्म्यावरून बराच वर आला.

ही गोष्ट लांबली, मला ठाऊक आहे. पण मला आज जे सांगायचे आहे ते सगळे तिच्यात आहे. हॉटेलच्या शाळेत नाशवंत मालाचा धडा अर्धाच शिकवतात. माल सडतो, म्हणून विका, एवढेच. सडणारा शेवटचा माल विकताना आधीच्या चांगल्या मालाचा भाव मोडू नये, हा दुसरा अर्धा धडा केळीवाल्याला माहीत असतो, आणि मोठमोठ्या रिसॉर्टच्या बैठकांत तो विसरला जातो.

आता बेटांकडे. मालदीव म्हणजे बाराशेच्या जवळपास बेटे, वस्ती त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर. पर्यटन सुरू झाले १९७२ साली, कुरुम्बा हे पहिले रिसॉर्ट. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे तिथले सूत्र. सरकार अख्खे बेट भाडेपट्ट्याने देते. त्या बेटावर वीज नाही, पाणी नाही, बाजार नाही. डिझेलचे जनरेटर तुमचे, समुद्राचे पाणी गोडे करणारा प्लांट तुमचा, मैलापाण्याची सोय तुमची, कामगारांची वसाहतही तुमची. बटाट्यापासून बेडशीटपर्यंत सगळे बोटीने येते. आमच्या बेटावर एका खोलीमागे दोन-अडीच माणसे कामाला होती. मुंबईच्या हॉटेलातला वेटर रात्री लोकलने घरी जातो. आमचा वेटर तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, त्याच्या पंख्याचे डिझेलही आम्हीच जाळतो.

पाण्याचे तेवढे सांगू द्या. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेच्या पाण्याच्या प्लांटला आग लागली आणि एका रात्रीत अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले, त्या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन नीर’. त्या आठवड्यात मी आमच्या बेटावरच्या प्लांटच्या दुरुस्तीचा खर्च ‘अनावश्यक’ या रकान्यातून काढून ‘आवश्यक’ मध्ये टाकला आणि त्यावर आमच्या साहेबांशी तास-दीड तास वाद घातला. तापीच्या काठावर राहून नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येते हे मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लगेच कळते.

तर मुद्दा असा, की पाहुणा आला काय, न आला काय, बेटाचा मोठा खर्च चालूच असतो. म्हणून खोल्या भरा, असे सगळे म्हणतात. वर्तमानपत्रात बातमी येते ती ऑक्युपन्सीची. नव्वद टक्के भरले, विक्रम झाला. मला या आकड्याचा राग आहे, आणि तो राग कुठून आला तेही सांगतो.

तिथे दोन ऋतू. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचे कोरडे वारे, त्याला ते ‘इरुवै’ म्हणतात, हा कमाईचा काळ. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा पाऊस, ‘हुळंगु’. अशाच एका हुळंगुत आमच्याकडे विक्रीचे नवे साहेब आले. त्यांनी दर खाली आणला, सगळ्या एजंटांना एकाच दिवशी कळवला, वेबसाइटवर टाकला. महिनाभरात खोल्या गच्च. महिनाअखेरीला केक कापला, किचनमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तीन रात्री जागून हिशेब लावला आणि बैठकीत सांगितले, गेल्या वर्षी याच महिन्यात खोल्या कमी भरल्या होत्या आणि हातात जास्त उरले होते. मला उत्तर मिळाले, “अकाउंट्सवाल्यांना धंदा कळत नाही.” ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. त्या दिवशी फळ्यावर मांडलेले गणित आज तुमच्यापुढे मांडतो. आकडे सोपे करून घेतलेत, पद्धत तीच आहे.

समजा १०० खोल्या आहेत. ५०० डॉलर दराने ७० जातात. खोलीचे रोजचे उत्पन्न ३५,००० डॉलर, म्हणजे असलेल्या प्रत्येक खोलीमागे ३५०. याला ते रेव्हपार म्हणतात. आता दर ३८० केला आणि ९० गेल्या. उत्पन्न ३४,२००, रेव्हपार ३४२. दिसायला फरक किती? आठ डॉलर. पण भरलेल्या खोलीला चादरी, पाणी, वीज, साबण, एजंटाचे कमिशन धरून ९० डॉलर खर्च येतो असे समजा. नव्या २० खोल्यांनी खर्च जाऊन प्रत्येकी २९० दिले, झाले ५,८००. आणि आधीच्या ७० खोल्या, ज्यांचे पाहुणे ५०० द्यायला तयार होते, त्यांच्यावर प्रत्येकी १२० सोडले, झाले ८,४००. रोज २,६०० डॉलर समुद्रात. नानांनी झाडावरचे घड का राखले, ते इथे दिसते.

यावर विक्रीवाले म्हणतात, जास्त माणसे आली की जेवण, दारू, स्पा, डायव्हिंग यांचा पैसा येतो. बरोबर आहे. बेटावरून उठून पाहुणा शेजारच्या ढाब्यावर शेवभाजी खायला जाऊ शकत नाही, त्यामुळे तिथे जेवणखाणाचा वाटा शहरातल्या हॉटेलपेक्षा खूप मोठा असतो. धरा, प्रत्येक भरलेली खोली असे आणखी १०० डॉलर देते आणि त्यातले ४० हातात उरतात. वीस खोल्यांचे ८०० वाढले. तोटा २,६०० चा १,८०० झाला. तोटाच राहिला. शिवाय स्वस्तात आलेला पाहुणा स्पाकडे कमी फिरकतो, हा माझा अनुभव.

मग हे चालते कसे? इथे अडत्या आठवा. पुष्कळ बेटांचा मालक एक आणि चालवणारी कंपनी दुसरी. चालवणाऱ्या कंपनीला एकूण उत्पन्नावर साधारण दोन-तीन टक्के मिळतात. माझ्या उदाहरणात खोलीभाडे आणि वरचे शंभर-शंभर धरून एकूण उत्पन्न आधी ४२,०००, नंतर ४३,२००. तीन टक्क्यांनी कंपनीचे रोज ३६ डॉलर वाढले आणि मालकाचे अठराशेहून जास्त गेले. अडत उलाढालीवर असते, शेतकरी उरलेल्यावर जगतो. म्हणूनच शहाणे मालक करारात दुसरी फी मागतात, ती ढोबळ नफ्यावर, ज्याला जीओपी म्हणतात. हा नफा कसा काढायचा, कोणता खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, याची समान पद्धत न्यूयॉर्कच्या हॉटेल संघटनेने १९२६ साली छापली. शंभर वर्षे झाली, आणि अजून केक ऑक्युपन्सीवरच कापतात.

दर कमी करूच नये असे मी म्हणत नाही, कृपया तसे लिहून घेऊ नका. नानांनीही कापलेला माल दिलाच. आपल्याकडे वेफर्सचा माल वेगळा जातो, दिल्लीचा वेगळा, आणि एकाचा भाव दुसऱ्याला लागत नाही. तसेच त्या २० खोल्या वेगळ्या वाटेने विकायच्या. सात रात्रींच्या मुक्कामावर आठवी देता येते, डायव्हिंगच्या गटाला एकत्र देता येतात, आधीच पैसे भरणाऱ्याला, रद्द न करण्याच्या अटीवर देता येतात. उघड फळ्यावरचा भाव मात्र हलवायचा नाही. आमच्या बेटावर पुढच्या साहेबांनी हेच केले आणि दोन हुळंगु चांगले गेले.

(पहिली चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटे.)

पाहुण्याच्या खिशाचेही पाहा. ५०० ची खोली त्याला ५०० ला पडत नाही. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले ५५०. त्यावर पर्यटन जीएसटी. २०११ साली तो साडेतीन टक्क्यांनी सुरू झाला, २०२३ मध्ये १६ झाला, जुलै २०२५ पासून १७. झाले साडेसहाशेच्या आत-बाहेर, नेमके ६४३.५०. वर हरित कर, माणशी रात्रीला पूर्वी ६ डॉलर, २०२५ पासून रिसॉर्टवर १२. दोघांचे २४. एकूण ६६७.५०. म्हणजे दर ठरवताना मालकाने आपल्या वहीतला आकडा न पाहता पाहुण्याच्या वहीतला पाहायला हवा. पण या सेवाशुल्कातली एक गोष्ट मला फार आवडायची. ती रक्कम कायद्याने कामगारांत वाटावी लागते. आमच्याकडे मोरीवर भांडी घासणारा नेपाळी पोरगा चांगल्या महिन्यात त्या वाट्यावर घरी पैसे पाठवायचा, आणि कोणता महिना चांगला गेला हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचे.

बाजार एका रात्रीत कसा जातो तेही त्या बेटांनी पाहिले आहे. २००४ ची त्सुनामी. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, जुलैत उघडल्या. आपल्या देशातून २०२३ मध्ये दोन लाखांवर पाहुणे गेले, सगळ्या देशांत पहिले. २०२४ च्या जानेवारीत भारत-मालदीव वाद झाला आणि त्या वर्षी आकडा एक लाख तीस हजारांच्या घरात आला. तरीही त्या वर्षी मालदीवमध्ये एकूण पाहुणे वीस लाखांच्या पुढे गेले, कारण चीन, रशिया, युरोप हे इतर बाजार उभे होते. सगळा माल एकाच मंडईला पाठवणाऱ्यांनी यावर विचार करावा.

(दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटे. बरे.)

तोरणमाळ. शहाद्याहून घाट चढून वर गेलात की यशवंत तलाव, सीताखाई, जुलै-ऑगस्टमध्ये ढगात बुडालेले पठार. दरवर्षी कोणीतरी मला विचारते, तिथे मोठे रिसॉर्ट काढले तर? माझे उत्तर थोडक्यात सांगतो.

एक तर, तोरणमाळ हे घाटावरचे बेटच आहे असे समजून हिशेब मांडा. सामान खालून येणार, जनरेटर लागणार, उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न, आणि कामगार रोज शहाद्याहून ये-जा करू शकणार नाही, म्हणजे त्याची खोलीही तुम्हीच बांधणार. पावसात घाटात दरड आली की पाहुणा खालीच. मालदीवची समुद्री विमाने फक्त उजेडात उडतात, त्यामुळे संध्याकाळी उशिरा उतरलेला पाहुणा मालेजवळ रात्र काढतो आणि आमची एक रात्र बुडते. घाटाचेही तसेच आहे. शुक्रवारी रात्री जळगावहून निघालेला पाहुणा वर कधी पोचेल हे आधी पाहा, मग खोल्या मोजा.

गर्दी शनिवार-रविवारची, पावसाळ्याची, दिवाळीची, महाशिवरात्रीच्या यात्रेची. यात्रेकरू रिसॉर्टमध्ये उतरत नाही. सोमवार ते गुरुवार कोण येणार? त्या चार दिवसांसाठी उघड दर पाडाल तर शनिवारचा पाहुणाही तोच दर मागेल. शाळांच्या सहली, कार्यशाळा, पक्षी बघणारे गट यांना वेगळ्या वाटेने द्या. वीस खोल्यांच्या वर आधी जाऊ नका. चालवायला बाहेरची कंपनी आणाल तर फी उलाढालीवर कमी आणि नफ्यावर जास्त, हे करारात लिहून घ्या.

आणि गावाला बाहेर ठेवू नका. मालदीवने २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी दिली. माफुशीसारख्या गावात घरोघरी खोल्या निघाल्या, आणि जो पैसा फक्त रिसॉर्टच्या बेटावर थांबायचा तो वस्तीत आला. तोरणमाळच्या पावरा आणि भिल्ल घरांत दोन-दोन खोल्या, स्वच्छ संडास, कळण्याची भाकरी आणि भरीत; यात कर्ज थोडे, जनरेटर नको, आणि रिकामी रात्र गेली तरी घर चालू राहते. सेवाशुल्काचा तो कायदा इथे नाही, पण रिसॉर्ट काढणाऱ्याने स्वतःहून लावला तर कोण अडवतो?

तिसरी चिठ्ठी आली, त्यावर नुसते उद्गारचिन्ह आहे. १०० खोल्यांचे गणित मी एका पानावर लिहून आणले आहे, पन्नास प्रती मागच्या टेबलावर आहेत. ज्यांच्याकडे तोरणमाळच्या किंवा रावेर तालुक्यातल्या पालच्या एखाद्या चालू लॉजच्या वह्या असतील त्यांनी वारानुसार किती खोल्या कोणत्या भावाने गेल्या तेवढे लिहून माझ्याकडे द्यावे. रविवारी सकाळी मी याच वाचनालयात बसणार आहे, आपण ते आकडे एकत्र मांडू.