24 सेकंदांची शर्यत, अडीच तासांची रात्र

नमस्कार मंडळी! परवा रात्री कुत्र्यांच्या शर्यतीला गेले होते. पूर्व लंडनमध्ये, रॉमफर्डला. पहिली शर्यत सुटली तेव्हा मी चिप्सवर व्हिनेगर घालत होते. मान वर केली, तर संपलीसुद्धा!

400 मीटर, सहा ग्रेहाउंड, साधारण 24 सेकंद. जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींना याचं काय कौतुक म्हणा, घाटात बैलगाड्यांची बारी सेकंदांवरच ठरते. पण इथे पुढची शर्यत सुटेपर्यंत बराच वेळ हातात असतो. तेवढ्यात लोक काय करतात? मान खाली घालून वाचतात.

[रेसकार्ड कॅमेऱ्यासमोर]

हे रेसकार्ड, म्हणजे प्रत्येक शर्यतीतल्या कुत्र्यांच्या माहितीचं पत्रक. कुत्री ज्या पिंजऱ्यांतून सुटतात त्यांचे नंबर आणि रंग आधी पाठ करा, ब्रिटनमध्ये सगळीकडे हेच: 1 लाल, 2 निळा, 3 पांढरा, 4 काळा, 5 नारिंगी, 6 काळे-पांढरे पट्टे. कुत्र्याच्या अंगावर त्या रंगाचं जॅकेट आणि तोंडाला जाळी.

आता माझा शहाणपणा ऐका. मी नाव आवडलं म्हणून लाल जॅकेटवालीवर दोन पौंड लावले. शेजारच्या आजोबांनी माझ्या कार्डावर बोट ठेवलं. आधीच्या शर्यतींच्या शेऱ्यांत तीनदा ‘स्लो अवे’ होतं, म्हणजे पिंजऱ्यातून उशिरा निघते. एक नंबर सगळ्यात आतला. तिथून उशीर झाला की बाकीचे पहिल्या वळणावर आत घुसतात आणि ही मागे कोंडते. मग त्यांनी दुसऱ्या एका नावापुढचं ‘डब्ल्यू’ दाखवलं. वाइड. हा गडी वळण बाहेरून घेतो, म्हणून त्याला बाहेरचा पिंजरा. थोडक्यात, कोण जोरात पळतो हे नंतर. पहिल्या वळणावर कोण कुणाच्या आडवं येणार, ते आधी बघायचं.

वजनही बघतात हं. मागच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला, की कुत्रा बाद.

मग घोषणा होते, यांत्रिक ‘ससा’ घरघरत येतो, पिंजरे उघडतात. अगदी कठड्याशी उभे राहा. वाळूवर पंजांचा धबधब आवाज येतो, तो टीव्हीवर नाही ऐकू येत. माझी लालवाली? कोंडली. शेवटून पहिली! आणि शर्यत संपल्यावर जिंकलेल्याइतकीच जोरात शेपूट हलवत ससा शोधत होती.

हा ससा अमेरिकेतल्या ओवेन पॅट्रिक स्मिथची कल्पना. ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा पळाला मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला, 24 जुलै 1926 रोजी. बघता बघता वेड पसरलं, कारण सरळ होतं: घोड्यांच्या रेस दिवसा आणि लांब, ही शर्यत शहरातच, संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. मिक द मिलर नावाच्या कुत्र्याने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोनदा डर्बी, म्हणजे इथली सगळ्यात मानाची कुत्र्यांची शर्यत, जिंकली. त्याचा पेंढा भरलेला देह इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात आजही आहे.

आता मात्र उतरती कळा. लंडन परिसरातच वॉल्थमस्टोचं मैदान 2008 मध्ये बंद, विम्बल्डन 2017 मध्ये, क्रेफर्ड 2025 मध्ये. शहरातली जागा सोन्याच्या भावाची. शिवाय बऱ्याच शर्यती आता भरदिवसा, बेटिंगच्या दुकानांतल्या पडद्यांसाठी होतात, स्टँड रिकामे. आणि खरी अडचण जखमांची. ज्या वळणाचं मी एवढं कौतुक सांगितलं, तिथेच कुत्री एकमेकांवर आदळतात. न्यूझीलंडने 2024 मध्ये बंदी जाहीर केली, वेल्सने 2025 मध्ये.

‘पुन्हा जाशील का?’ असं घरी विचारलं. चटकन हो म्हणवलं नाही. मजा आली होती, हे लपवणार नाही.

बाहेर पडताना दाराशी एक बाई निवृत्त ग्रेहाउंड घेऊन उभ्या होत्या, दत्तक देण्यासाठी. मी जवळ गेले, तर ती कुत्री सरळ माझ्या पायाला रेलून उभी राहिली, सगळं वजन टाकून. कान चाचपला. आत ओळखीसाठी गोंदलेली अक्षरं होती, पुसट हिरवी.