हिमाचा चहा, वाडग्यावरची कविता

श्रोतेहो, नमस्कार.

लोणच्याची चिनी मातीची बरणी तुमच्या घरी असेलच. आज त्याच चिनी मातीच्या एका वाडग्याविषयी बोलायचं आहे. चहाचा वाडगा. त्याला कान नाही, पण बाहेरच्या अंगावर गोल फिरलेली अख्खी कविता आहे.

साल १७४६. चीनचा बादशहा छ्येनलुंग वूताई पर्वताची यात्रा करून परतत होता. वाटेत हिम पडायला लागलं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत बसून त्यानं ते हिम गोळा करवलं, वितळवलं, उकळवलं. त्या पाण्यात घातल्या तीनच गोष्टी: आलुबुखाराच्या जातीच्या झाडाची फुलं, चिलगोजे आणि 'बुद्धाचा हात' नावाचं फळ. हे फळ आपल्या म्हाळुंगाचंच भावंड, फक्त बोटं फुटल्यासारखं दिसणारं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते म्हाळुंग! आपल्या बाजारात हल्ली ते सहज मिळत नाही, याची मला फार खंत वाटते.

हिमाचंच पाणी का? या बादशहानं चांदीचं माप करवून ठिकठिकाणच्या झऱ्यांचं पाणी तोलून पाहिलं होतं. जितकं हलकं, तितकं उत्तम. बीजिंगजवळच्या युछुआन झऱ्याचं पाणी सगळ्या झऱ्यांत हलकं निघालं, आणि हिमाचं त्याहूनही हलकं. चहाची चव आधी पाण्यात असते, श्रोतेहो, आणि आपण मात्र तासभर उकळून ती घालवतो.

तर त्या तंबूतल्या चहावर त्यानं कविता केली. आयुष्यभरात चाळीस हजारांवर कविता त्याच्या नावावर आहेत. मला त्यातली हीच जवळची वाटते. मग ती वाडग्यांवर उतरली. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिंगद्चन गावच्या कारागिरांनी कच्च्या, पाणी शोषणाऱ्या मातीवर कुंचल्यानं अक्षरं काढायची. चुकलं तर पुसायची सोय नाही. लिहिताना काळपट दिसणारा रंग भट्टीतून निघतो तो निळा होऊन. काही वाडग्यांवर अक्षरं लालही आहेत. आत, तळाशी, तीच फुलं, चिलगोज्याच्या झाडाची फांदी, तेच फळ.

चिनी नववर्षाच्या पहिल्या महिन्यात बादशहा निवडक मंत्र्यांना छोंगह्वा महालात चहाला बोलवायचा. बोलावणं आलं म्हणजे तिथं बसून कविता जोडायची, एकाच्या ओळीला दुसऱ्याची ओळ. वाडगा ओठांशी न्यायचा, खाली ठेवायचा, जरा फिरवायचा, की वाडग्यावरच्या कवितेची पुढची ओळ समोर. न फिरवता ती कविता पुरी वाचताच येत नाही.

आणि उठायची वेळ झाली की मंत्र्यांनी तो रिकामा वाडगा अंगरख्यात छातीशी धरायचा आणि घरी न्यायचा. तो त्यांनाच दिलेला असे.