आधी काळा ठरवा

मंडळी, आज इमारतीच्या आतल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी मी एकच जागा घेणार आहे, कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनेचं दालन. पुण्या-मुंबईकडचा कॅमेरा बाळगणारा माणूस तिथे कधी ना कधी जाऊन आलेला असतोच, त्यामुळे जागा तुमच्या डोळ्यांपुढे आहे. फोटो काढायला मात्र ती महाअवघड. दालन साधारण 45 मीटर खोल, 14 मीटर उंच, आणि उजेड यायला पश्चिमेचं एकच तोंड: खाली दारं, वर ते मोठं नालाकृती गवाक्ष. बाकी तिन्ही बाजूंनी डोंगर.

आपल्याकडे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, एका रविवारी शिकवतात आणि कंपोझिशन पुढच्या रविवारी. उघड्यावर ते चालून जातं. अंधाऱ्या दालनात निर्णय एकच असतो: चौकटीतला कुठला भाग काळा जाऊ द्यायचा. तो घेतला की शटर किती आणि तिपाई कुठे, ही दोन्ही उत्तरं त्याच्या मागोमाग येतात.

आकड्यांत बघू. गवाक्षाबाहेरचं ऊन आणि बाजूच्या पाखातली, म्हणजे खांबांमागच्या अरुंद वाटेतली, सावली यांत दहा-बारा स्टॉपचा फरक सहज असतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आजचे चांगले सेन्सर तो कसाबसा टिपतात. पण छापलेला कागद? चकचकीत कागदावरसुद्धा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा-सात स्टॉपच मावतात. म्हणजे काहीतरी सोडावंच लागणार. ते तुम्ही सोडलं नाही तर कॅमेरा त्याच्या मर्जीने सोडतो. काही जण यावर एचडीआरचा उतारा सांगतात. पाच फोटो एकावर एक चढवून सगळं दालन राखाडी करून टाकायचं, कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसली पाहिजे. सर्वेक्षणासाठी तसा फोटो उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. भिंतीवर लावायला मला तो नको.

आता समजा तुम्ही आत आलात, समोर स्तूप आहे. स्पॉट मीटरने, म्हणजे छोट्याशा भागाचाच उजेड मोजणाऱ्या मीटरने, स्तूपाचं अंड (वरचा घुमट) मोजलं, मीटर म्हणालं पाव सेकंद. मग पाखाकडचा सावलीतला खांब मोजला, मीटर म्हणालं आठ सेकंद. पाच स्टॉपचा फरक. मीटरला स्तूप कळत नाही आणि खांबही कळत नाही. जे दाखवाल ते मधलं राखाडी करायचं, एवढंच त्याला येतं. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940 च्या सुमारास झोन पद्धत मांडली ती यासाठीच. शून्य म्हणजे निव्वळ काळा, पाच म्हणजे मधला राखाडी, दहा म्हणजे कोरा कागद. एक झोन म्हणजे एक स्टॉप.

खांबावरचे छिन्नीचे घाव दिसायला हवेत असं ठरवलंत, तर खांब तिसऱ्या झोनवर बसवायचा. म्हणजे मीटरपेक्षा दोन स्टॉप कमी, दोन सेकंद. तेवढ्यात स्तूप आठव्या झोनवर जातो, पांढराफटक, गोलाई जेमतेम कळेल इतका. उलट स्तूपाची गोलाई हवी असेल तर तो सहाव्यावर ठेवा, अर्धा सेकंद. मग खांब थेट पहिल्या झोनवर, जवळपास काळा. दोन्ही फोटो बरोबर आहेत. फिल्मवाले जुना नियम सांगतील की सावलीसाठी एक्स्पोजर द्या आणि उजेड डेव्हलपिंगमध्ये आवरा. डिजिटलवर नेमकं उलट. तिथे एकदा जळालेला उजेड परत येत नाही, सावली थोडीफार उचलता येते.

पण अर्धा सेकंद ठरवलात, की तिपाई जिथे आहे तिथे ठेवून चालत नाही. हे बघा. दालनात दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी. मधोमध उभं राहून सरळ स्तूपाचा फोटो सगळेच काढतात, आणि तो वाईट नसतो, कारण वास्तूच त्या अक्षावर कोरलेली आहे. आता पाखात शिरा, मागे स्तूपापाशी जा आणि गवाक्षाकडे तोंड करा. उजेड समोरून येतोय, खांबांची तुमच्याकडची बाजू अंधारात. खांब काळे जाणार असतील तर एकावर एक आलेले दोन खांब मिळून एक ठोकळा होतो. त्यांच्यामध्ये उजेडाची फट हवीच, मग ती बोटभर का असेना. त्यासाठी कॅमेरा वीतभर डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. त्याच जागी खांब तिसऱ्या झोनवर ठेवले, तर प्रत्येकाच्या कडेची छटा थोडी निराळी येते, ते एकमेकांवर आले तरी चालतात, उलट खोली वाढते. म्हणजे शटर बदललं की तिपाईची जागाही बदलली. माझं आजचं सगळं सांगणं एवढ्यावर उभं आहे.

फिल्मवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक पीडा. लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मवर मीटर दहा सेकंद म्हणालं तर कोडॅकचा तक्ता पन्नास द्यायला सांगतो, आणि वर डेव्हलपिंगचा वेळ कमी करायला. फुजीच्या अॅक्रॉस फिल्मला दोन मिनिटांपर्यंत काही भरपाई लागत नाही. पन्नास सेकंदांचा एक फायदाही आहे: एकवीरेचं दर्शन घेऊन लेण्यात डोकावणारी मंडळी चालत राहिली, तर फोटोत उमटतच नाहीत. थांबून सेल्फी काढणारे उमटतात. आणि हो, तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, दारात हुज्जत नको. परवानगी नसेल तर आयएसओ 3200, एफ 4, सेकंदाचा पंधरावा भाग, कोपरं पोटाशी. फोटोत दाणे येतील, येऊ द्या.

लंडनचा फ्रेडरिक एव्हान्स हा मूळचा पुस्तकविक्रेता. त्याने इंग्लंडमधली कॅथेड्रलं आतून टिपली. 1903 मध्ये वेल्स गावच्या कॅथेड्रलमधल्या जिन्याचा त्याने काढलेला फोटो शोधून बघा: झिजलेल्या पायऱ्या लाटांसारख्या चौकटभर पसरत वर जातात. तो प्लॅटिनम कागदावर छापायचा. त्या कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल नसतो, पण मधल्या राखाडी छटा भरपूर. त्यामुळे त्याची सावली मऊ आहे. मी कार्ल्याला त्याच्याहून जास्त काळा ठेवतो. बसाल्ट मुळातच काळपट, त्याला उगाच उजळवण्यात अर्थ नाही.

छताकडे बघायला विसरू नका. त्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. राखाडीत लाकूड आणि दगड एक होऊन जातात. फिल्मवर नारिंगी फिल्टर लावा, तपकिरी लाकूड दगडापासून सुटून येतं. साधारण दोन स्टॉप जातात, ते हिशेबात धरा. डिजिटलवर रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनल उचलला तरी काम होतं. आणि कमानी दिसाव्यात म्हणून कॅमेरा वर झुकवू नका, खांब आत कलतात. कॅमेरा सरळ ठेवून उभी चौकट घ्या आणि खालची फरशी नंतर कापा. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता वर सरकवता येणारी लेन्स, असेल तर प्रश्नच मिटला.

फक्त हाच नियम डोळे झाकून जवळच्या भाजे लेण्याला नेऊ नका. तिथल्या चैत्याचं दर्शनी तोंड पार मोकळं आहे, उजेड कार्ल्यापेक्षा बराच आत येतो आणि हिशेब सोपा होतो. पण तिथले साधे अष्टकोनी खांब मुळातच आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत खांब तिरके लावायचे, ती सवय कारागिरांनी दगडातही ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ करायचं बटण दाबलंत, तर खांब ताठ उभे राहतील आणि भाज्याचं लेणं भाज्याचं राहणार नाही. तिथे ते बटण बंद ठेवा, आणि कॅमेऱ्यातली लेव्हल बघूनच फोटो घ्या.