मेंदूतली गाठ आणि विषाणू

श्रोतेहो, नमस्कार. मिरजेत उपचाराला आलेल्या माणसाच्या मेंदूत गाठ निघाली की नातेवाईक हळूच विचारतात, "डॉक्टर, हे लागण होण्यातलं आहे का हो?" आज त्याबद्दलच बोलतो.

हा प्रश्न वावगा नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूमुळे यकृताचा होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. मग मेंदूचं काय? २००२ साली अमेरिकेतल्या चार्ल्स कॉब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लायोमा या मेंदूतल्या गाठींत सायटोमेगॅलो विषाणूच्या खुणा दिसल्या. नंतर काही प्रयोगशाळांना त्या सापडल्या, काहींना कसून शोधूनही नाहीत. शिवाय हा विषाणू आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात निपचित असतोच, आणि ग्लायोमा मात्र लाखातल्या मोजक्यांना होतो. चोरीच्या जागी कुणी उभा दिसला म्हणून तोच चोर ठरत नाही. झालेल्या गाठीला हा विषाणू खतपाणी घालतो का, यावर अजून वाद आहे. एक संबंध मात्र पक्का आहे: एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्यांना मेंदूत जो लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, होतो, त्यामागे बहुधा एपस्टाइन-बार विषाणू असतो.

जतकडच्या एका घरात आजोबांचं ताट-तांब्या वेगळं काढलेलं मी पाहिलं. नातीला जवळ जाऊ देत नव्हते. मला फार वाईट वाटलं. मंडळी, मेंदूची गाठ एका ताटात जेवल्यानं, मांडीवर बसल्यानं दुसऱ्याला होत नाही. ते ताट आजच्या आज पंगतीत घ्या.

आणि ज्याला आपण भितो, त्यालाच कामाला लावण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ओठावर पुटकुळ्या आणणाऱ्या नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूत जनुकीय बदल करून तो थेट गाठीत टोचायच्या उपचाराला जपाननं २०२१ मध्ये सशर्त मान्यता दिली.

लागणीच्या धास्तीनं लोक आजार लपवतात, याची मला जास्त काळजी वाटते. चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच फिट आली, पहाटे डोकं ठणकून उलटी होऊ लागली, एका हातातली ताकद कमी झाली, तर कांदा हुंगवत बसू नका. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.